भाऊजी आणि न मागता आलेलं दरपत्रक

स्वस्त वस्तू पाहून ज्याचा चेहरा पडतो असा अख्ख्या जगात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला यावा, याला नशीबच म्हणायचं. तुम्हीआम्ही भाव कमी ऐकला की मनातल्या मनात उड्या मारतो. आमचे भाऊजी भाव कमी ऐकला की चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात आणि समोरच्याला गंभीरपणे विचारतात, "पण तुम्हाला हे परवडतं कसं?" केंद्र सरकारच्या एका खात्याच्या भांडारात छत्तीस वर्षं खरेदीचं काम केलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर खुर्ची तेवढी सरकारला परत केली, खुर्चीतला साहेब घरी घेऊन आले, असं ताई म्हणते. जयपुरात सोडाला भागात त्यांच्या घराखाली एक भाजीवाला गाडी लावतो. त्याने एकदा मेथीच्या दोन जुड्यांवर मूठभर कोथिंबीर टाकली आणि म्हणाला, "धनिया फ्री है, बाऊजी." झालं! भाऊजींनी पिशवी खाली ठेवली. "फ्री कैसे? खरीदा तो होगा ना?" मंडीतून कितीला आणली, वाटेत किती सुकली, किती फेकावी लागली, सगळी उलटतपासणी झाली. मागे चार बायका खोळंबलेल्या. शेवटी भाजीवाल्याने हात जोडले, "बाऊजी, आप पैसे ही दे दो, पर आगे चलो." भाऊजींनी पैसे दिले आणि समाधानाने वर आले. आता सगळ्या सोडाल्यात कोथिंबिरीचे पैसे देणारी ताई एकटीच आहे, आणि हे ती आल्यागेल्याला सांगत असते.

दुसरी खोड पाण्याची. ज्याच्याकडून वस्तू घ्यायची त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. नोकरीत होते तोवर ठीक होतं हो, पण आता स्वतःच्या बायकोला साडी घ्यायला गेले तरी तेच. एकदा मे महिन्यात आम्ही तिघं चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या जयपुरात, साडीच्या दुकानात शिरलो. बाहेर जीव जाईल असं ऊन. शेठजींनी गादीवर बसवलं, थंडगार लस्सीचे तीन पेले मागवले. इथल्या लोकांचा आग्रह म्हणजे आग्रह. नाही म्हटलं की त्यांना आणखी चेव येतो. भाऊजींनी पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली, थर्मासमधला चहा त्याच्याच झाकणात ओतला आणि एवढ्या उकाड्यात फुंकर मारत प्यायले. मी आणि ताईने मात्र लस्सी प्यायली. "तुम्ही दोघी आता निःपक्षपाती राहिला नाहीत," असं म्हणून त्यांनी साडीच्या निवडीतून आम्हाला बाद केलं. स्वतः साडी पसंत केली. करडी. ताई ती पोछा करायच्या दिवशी नेसते.

आणि ढिगातली वरची वस्तू कधी घ्यायची नाही. "वरची दाखवायची असते, खालची द्यायची असते," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात मुलांनासुद्धा पाठ आहे. लग्नाच्या पंगतीत हा मनुष्य पुऱ्यांच्या ढिगातली तळची पुरी ओढतो आणि वरच्या सगळ्या शेजाऱ्याच्या ताटात कोसळतात. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचीही गोष्ट आहे. आमचे वडील कुणी न बोलावता, नुसतं नाव ऐकून भुसावळला त्यांच्या घरी ताईचं स्थळ घेऊन गेले होते. भाऊजींनी म्हणे कागद काढला, आधी आलेल्या दोन स्थळांशेजारी तिसरा रकाना आखला, आणि वडिलांना विचारलं, "मुलीत काही दोष असेल तर आत्ताच सांगा, मागाहून आमची तक्रार नको." वडील म्हणाले, "हट्टी आहे." भाऊजी म्हणाले, "मीही आहे." आणि लग्न ठरलं. तो कागद अजून त्यांच्या कपाटात आहे. ताईने दोनदा जाळायला काढला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या ह्यांची बँकेतली बदली जयपूरला झाली, आणि दोन वर्षांनी परत जायचं असं म्हणता म्हणता आम्ही इथलेच झालो. मराठी लोकांचं आमचं एक छोटं मंडळ आहे, त्याची मी चिटणीस. गणपती, हळदीकुंकू हे तर आहेच, पण आमचं खरं काम दहा खोल्यांचं. कृत्रिम पाय बसवून घ्यायला गावागावांतून माणसं जयपूरला येतात. कुणी बीडचं, कुणी गोंदियाचं. हातात कुबड्या, बरोबर एखादा भाऊ नाही तर बायको, आणि इथल्या डिसेंबरची काही म्हणजे काही कल्पना नाही. त्यांना उतरायला त्या खोल्या. त्या वर्षी जुन्या रजया अगदी गोळा झाल्या होत्या, म्हणून नव्या चाळीस घ्यायच्या ठरल्या. चारदीवारीतला एक दुकानदार वर्षानुवर्षं आम्हाला रजया देत होता, त्याने भाव बराच वाढवून सांगितला. आमचे खजिनदार, विम्यातले निवृत्त अधिकारी, डोक्याला हात लावून बसले. आणि अशा वेळी एक दिवस मंडळाच्या दाराखालून कुणीतरी एक पाकीट सरकवलं.

आत वहीचा रेघांचा कागद. त्यावर शाळकरी वळणदार हिंदीत लिहिलं होतं की जयपूरजवळच्या चाकसू गावच्या सुगनाबाई रजया करतात, मंडळाला हव्या आहेत असं कळलं, एका रजईचा दर अमुक. तो दर दुकानदाराच्या जवळजवळ निम्मा! कागदाच्या कोपऱ्यात वीतभर रजईचा तुकडा दोऱ्याने टाचून जोडला होता, नमुना म्हणून. खजिनदारांच्या अंगात वीज संचारली. "देव पावला! आजच ऑर्डर द्या, चिटणीसबाई." मी कशाला खोटं बोलू, मलाही तेच वाटत होतं. उरलेल्या पैशांत गीझर बसवता आला असता. पण मंडळाच्या खरेदीवर भाऊजींची सही लागायची, तसा ठरावच त्यांनी करून घेतला होता. मी कागद घेऊन गेले. त्यांनी दर वाचला. चष्मा काढला. पुसला. मी मनात म्हटलं, कपाळ माझं! मग त्यांनी भिंगाखाली त्या तुकड्याचे टाके मोजले, दोनदा मोजले, आणि म्हणाले, "काम फार चांगलं आहे. म्हणूनच काळजी वाटते. उद्या चाकसूला जायचं."

शीतलामातेच्या मेळ्याला एकदा गेले होते, तेवढीच माझी चाकसूची ओळख. बसमधून उतरलो, विचारत विचारत एका घराशी पोचलो. अंगणात ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात पसरलेल्या रजईच्या तीन बाजूंना तीन बायका बसून टाके घालत होत्या. मधली चाळिशीची, हसरी, ती सुगनाबाई. दुसरी तिची धाकटी जाऊ. तिसरी थोरली जाऊ, डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढलेला, तिने मान वर केली नाही. वीस वर्षं या तिघींनी दुसऱ्यांच्या दुकानांसाठी टाके घातले होते. आता पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काम घ्यायचं ठरवलं होतं, आणि पहिलं पाकीट आमच्या दाराखालून सरकवलं होतं. दरपत्रक मुलीकडून लिहून घेतलं होतं. सुगनाबाईने लगबगीने पाणी आणलं. भाऊजींनी आपली बाटली दाखवली. ती म्हणाली, "ये क्या बात हुई? हमारे घर का पानी नहीं पियोगे तो मैं भी रजाई नहीं दिखाऊँगी." आणि खरंच रजईची घडी घालायला लागली. छत्तीस वर्षं लाखालाखांचे पुरवठादार ज्यांना चहा पाजू शकले नाहीत, त्यांच्यापुढे ही बाई पितळेचा लोटा धरून उभी. भाऊजींनी बराच विचार केला. मग थर्मास उघडून झाकणभर चहा तिच्यापुढे धरला. "पहले आप मेरी चाय लीजिए." तिने चहा घेतला, यांनी पाणी प्यायलं. "ही देवाणघेवाण झाली," मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "यात उपकार कुणाचाच नाही. घरी ताईला सांगू नकोस."

मग कागद निघाला. एका रजईला कापूस किती, पिंजायचे किती, खोळीचं कापड, दोरा, जयपूरपर्यंत टेम्पो. सुगनाबाईला एकेक आकडा तोंडपाठ. भाऊजींनी बेरीज केली आणि ती तिने लिहिलेल्या दराशी बरोब्बर जुळली. एक रुपया इकडेतिकडे नाही. भाऊजी कागदाकडे बघतच राहिले. "और आपकी मजदूरी?"

"हमारी काहे की मजदूरी, बाऊजी? हम तो घर की ही हैं."

"दिवसाला किती होतात?" त्यांनी हिंदीत विचारलं. तिघी मिळून दोन, ती म्हणाली. म्हणजे चाळीस रजयांना तिघींचे वीस दिवस, सकाळपासून ऊन जाईपर्यंत, आणि त्याच्यापुढे या बाईने काहीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या दुकानात नगामागे मिळणारे चार पैसे ती मोजून घेत होती, पण स्वतःच्या घरात तिघींचे हात तिला दिसलेच नव्हते. आणि खरं सांगू? ते वाचताना मलाही दिसले नव्हते, मीही बाईच असून. मला फक्त गीझर दिसला होता.

भाऊजी म्हणाले, "ये रेट नहीं चलेगा." सुगनाबाईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, गिऱ्हाईक घासाघीस करतंय. "अच्छा, टेम्पो का भाड़ा छोड़ दिया." भाऊजी म्हणाले, "नहीं, नहीं, नहीं चलेगा!" तिने दोऱ्याचे पैसे सोडले. भाऊजी कळवळून ओरडले, "अहो, वर! वर!" घाईत मराठीच आली तोंडात. हात वर करकरून दाखवायला लागले तेव्हा ती आभाळाकडे बघायला लागली. शेवटी मी मध्ये पडले आणि समजावलं की हे साहेब दर वाढवा म्हणताहेत. तिघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू आम्हा दोघांनाही उन्हाचा त्रास झालाय. मग सुगनाबाई भडकली. "बढ़ाऊँगी तो काम सेठ को मिलेगा. आप गारंटी लेते हो?" भाऊजी म्हणाले, "गारंटी नहीं ले सकता." "तो फिर मेरा रेट वही है. जबान दे दी सो दे दी." दोघंही असे ताठ बसले की आता इथे मुक्काम पडतो की काय असं मला वाटलं. तेवढ्यात ती थोरली जाऊ पदराआडून पहिल्यांदा बोलली. टाका घालता घालताच. "बाऊजी, मेरे कितने लगाओगे?"

भाऊजींनी नवा कागद घेतला, वर तिघींची नावं लिहिली आणि सुगनाबाईपुढे पेन धरलं. "ते मी नाही ठरवायचं. तुम्ही ठरवा, आणि नवीन दरपत्रक पाठवा," असं हिंदीत सांगून उठले.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना नाही नाही ते बोलले. बोलायलाच हवं होतं. "आयता आलेला घास काढलात की तिच्या तोंडचा! मदत करायची तर अशी का करतात?" ते ऐकून घेत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नोकरीत नवा होतो. एका माणसाने दोरखंडाचा दर इतका कमी भरला होता की साहेबांनी माझी पाठ थोपटली. असा दर आला तर भरणाऱ्याला 'कसं जमवणार?' हे विचारायचं, असा नियम होता. मी नाही विचारलं. पाठ थोपटून घेतली होती ना. त्याने निम्मा माल दिला आणि कारखाना बंद केला. पुढे तोच माणूस आमच्याच फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. रोज मला सलाम करायचा." एवढी वर्षं ज्या प्रश्नाला आम्ही हसत होतो, तो यांच्या पोटात असा रुतून बसला असेल, हे ताईलाही माहीत नव्हतं.

मंडळाच्या बैठकीत भाऊजींनी जाहीर केलं की पहिलं दरपत्रक न मागता आलेलं होतं, सबब ते रद्द. आता दोघांकडूनही रीतसर दर मागवायचे. खजिनदार नुसते लाल झाले. आठ दिवसांनी दोन्ही पाकिटं आली, उघडली. सुगनाबाईने तिघींची मजुरी धरून दर लिहिला होता, आणि तो दुकानदारापेक्षा थोडा, अगदी थोडा, वर गेला होता. खजिनदार टेबलावर हात आपटून म्हणाले, "घ्या! निम्म्यात मिळत होतं ते घालवलंत आणि वर बाईचंही नुकसान केलंत. खाया पिया कुछ नहीं, गिलास तोड़ा बारह आना!" मला तर रडू यायचं बाकी होतं. भाऊजींनी शांतपणे तक्ता भरला. पहिल्या क्रमांकावर दुकानदार, दुसऱ्यावर सुगनाबाई, खाली सही. क्रमांक काही बदलला नाही. आणि मग त्याच कागदाच्या खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: नव्या पुरवठादाराचं काम अजमावण्यासाठी चाळीसपैकी दहा रजया तिच्याच दराने तिच्याकडून घ्याव्यात. त्यांच्या खात्यात म्हणे तशी जुनी रीत होती.

खजिनदार म्हणाले, चालणार नाही. भाऊजी म्हणाले, ठीक, मी बसलोय. तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा विषय तोच, आणि भाऊजींची खुर्ची तीच. मधल्या काळात त्यांनी दोघांच्या नमुन्याच्या रजया आणवल्या आणि रोज सकाळी सहाला गच्चीवर थंडीत एकेक रजई पांघरून, काखेत थर्मामीटर धरून अर्धा अर्धा तास बसायला लागले. ताईने सरळ हात झटकले होते. शेजारच्या भाभीजींनी एकदा मला हळूच विचारलं, "बाऊजी को दीदी ने घर से निकाल दिया क्या?" तिसऱ्या बैठकीत आकडे वाचून दाखवल्यावर भाऊजी खजिनदारांना म्हणाले, "माझ्यावर विश्वास नसेल तर उद्या सहाला तुम्ही या. दोन्ही रजया तयार आहेत." खजिनदारांनी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं, मफलर घट्ट केला आणि सही केली.

दहा रजया आल्या. भाऊजींनी गठ्ठ्यातली सगळ्यात खालची ओढून काढली, कोपरा उसवून पाहिला आणि पुन्हा स्वतःच्या हाताने शिवला. तो टाका इतका वेडावाकडा होता की ती रजई कुठली ते अंधारातही हाताला कळायचं. त्या हिवाळ्यात खोल्यांमध्ये चाकसूच्या रजयांवरून भांडणं व्हायला लागली. यवतमाळचा एक शेतमजूर नवा पाय बसवून घरी जायला निघाला, तेव्हा म्हणाला, "बाई, पाय तर मिळाला, आता ही रजईबी द्या की!" पुढच्या वर्षी खजिनदारांनी स्वतःहून वीस लिहिल्या.

भाऊजी आणि ताई आता पुण्याला मुलाकडे असतात. गुडघे गेले, ऐकू कमी येतं, आणि तिथे म्हणे सगळं फोनवर मागवतात, त्यामुळे कुणाला काही विचारायची सोयच उरली नाही. मंडळाची खरेदी आता मीच बघते. नीट बघते, पण त्यांच्यासारखं चिकाटीने बसणं मला जमत नाही. या वर्षी रजयांचं विचारणापत्र मी चाकसूला पाठवलं, गेल्या वर्षीचा दरही त्यात लिहिला. परवा उत्तर आलं. भर दुपारी मी पुण्याला फोन लावला आणि मोठमोठ्याने वाचून दाखवलं. सुगनाबाईने लिहिलं होतं की हात जोडून नमस्कार, पण गेल्या वर्षीच्या दरात आता काम होणार नाही, त्यात आमच्या तिघींची मजुरी नीट निघत नाही. जयपूरच्या दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांचं काम हातात आहे, तरी या वर्षी माफ करावं. खाली तिघींच्या सह्या होत्या. थोरल्या जावेची सही सगळ्यात मोठी, अर्धी ओळ व्यापणारी.

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा वाचलं, अगदी ओरडून. मग ताईचा आवाज आला, "काय सांगितलंस गं यांना? चष्मा काढून डोळे पुसताहेत." मी घाबरून म्हटलं, "अगं, त्यांना दे, मला विचारायचंय. थंडी तोंडावर आलीय, आता रजया घ्यायच्या तरी कुणाकडून?"

भाऊजींनी फोन घेतला. "ते तू बघ," म्हणाले. "मला ते पत्र पुन्हा एकदा वाचून दाखव."

मी तिसऱ्यांदा वाचलं.